सुकेशनीचं दुकान आणि पाचवं शील

एप्रिल लागला की मला एका जागी बसवत नाही. मूळचाच मी चळवळ्या, त्यात रिटायरमेंट, त्यात भिलाईचं ऊन. पहाटे गच्चीवर जातो, कुंड्यांना पाणी घालतो, खाली येतो, पेपर उघडतो, मिटतो, परत वर जातो. पहिल्या पाळीला निघालेल्या मोटारसायकली आमच्या वैशाली नगरच्या गल्लीतून जातात आणि उगाच वाटतं, सगळे गेले, आपणच मागे राहिलो. मंदा, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून ओरडते, "बसा ना जी एका जागी! पायाले भिंगरी बांधून देली का कोणी?" मी बसतो. पंख्याखाली दोन मिनिटं होत नाहीत तो पुन्हा उठतो.

यंदा त्यात वासाची भर पडली. परवा सकाळी स्कूटर काढून रुआबांध्याकडे गेलो होतो. काम काही नव्हतं. रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली बायका वाकून फुलं वेचत होत्या. मोहाचा वास ज्याने घेतला त्याला सांगायला नको, आणि ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळायचा नाही. गोड असतो, पण त्या गोडाच्या मागे काहीतरी उबलेलं असतं, लगट करणारं. मी स्कूटर थांबवली आणि गेल्या वर्षीचा एप्रिल जसाच्या तसा अंगावर आला.

गेल्या एप्रिलात माझ्या मुलीने इथे बिअरचं दुकान उघडलं. बाहेरून बाटल्या आणून विकायचं नव्हे. तिथेच टाक्यांमध्ये बनवायची, तिथेच बसून लोकांनी प्यायची. आणि तिचा बाप कोण, तर ज्याने उभ्या आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लागू दिला नाही आणि जो दर रविवारी विहारात माइक धरून सगळ्या वस्तीकडून पंचशील म्हणवून घेतो, तो मी.

पंचशील म्हणजे पाच वचनं, आपणच आपल्याला दिलेली. जीव घेणार नाही, चोरी करणार नाही, वाईट चालीने चालणार नाही, खोटं बोलणार नाही, आणि पाचवं, दारू-नशेपासून दूर राहीन. एकाने पालीत म्हणायचं, बाकीच्यांनी मागोमाग म्हणायचं. आमच्यात लग्न असो, बारसं असो, नव्या घरात पाऊल टाकायचं असो, सुरुवात त्यानेच होते. कुठेही चार लोक पांढरे कपडे घालून जमले की माझ्याकडे बघतात. माझा आवाज मोठा आहे आणि पाठ पक्कं आहे. दुसरी कुठली लायकी त्यासाठी लागत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आमचं मूळ गाव भंडाऱ्याकडचं. बाबा इथल्या स्टील प्लांटमध्ये लागले आणि सेक्टर २ मधलं क्वार्टर मिळालं, तिथे मी वाढलो. एप्रिल म्हणजे परीक्षा संपल्याचा महिना, जयंतीचा महिना, निळ्या पताका कापून सुतळीला चिकटवायचा महिना. बोटांना दिवसभर खळीचा वास. संध्याकाळी आई आम्हा भावंडांना घेऊन विहारात निघायची. वाटेत कुणाच्या अंगणात दारू गाळायला मोहफुलं वाळत घातलेली दिसली की म्हणायची, "श्वास धरा रे पोट्टेहो!" आम्ही गाल फुगवून धूम पळायचो. पळताना श्वास कुणाला धरता येतो? चांगला छातीभर वास घेत घेतच पळायचो आणि पुढच्या वळणावर, धरला धरला म्हणून एकमेकांना सांगायचो.

बाबा भट्टीवरून यायचे तेव्हा तोंड वांग्यासारखं भाजलेलं असायचं. शेजारपाजारचे म्हणायचे, आगीपुढे काम करणाऱ्याला घोटभर लागतेच, त्याशिवाय अंगातली धग निघत नाही. बाबा ऐकून घ्यायचे. घरी येऊन मिठाचं पाणी प्यायचे, कांदा तोंडी लावून बासी खायचे आणि अंगणात खाट टाकून आडवे व्हायचे. बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी किंचित आंबट झालेला. इकडे आल्यावर आम्ही छत्तीसगढी लोकांकडून शिकलो आणि मग उन्हाळाभर दुसरं काही गोड लागेनासं झालं.

"आपल्या घरी कोणी पीत नाही." हे वाक्य आमच्या घरात पाटावरवंट्यासारखं कायमचं होतं. फ्रिज उशिरा आला, टीव्ही उशिरा आला, हे वाक्य मात्र पहिल्यापासून होतं. त्याचा ताठा होता आणि तो खोटा नव्हता. दारूने उठलेली घरं आईने गावी पाहिली होती. बायकोच्या कानातलं विकून प्यायलेले मामा तिला होते. त्यामुळे तिच्या तोंडी पाचवं शील आलं की आवाज चढायचा. माझ्या तोंडी ते आयतं आलं. कॉलेजात कुणी ग्लास पुढे केला, मी हात मागे घेतला. प्लांटमध्ये कुणी पार्टी दिली, मी कोल्ड्रिंक घेतलं. यात माझा पराक्रम कोणता, हा प्रश्न मला गेल्या एप्रिलपर्यंत पडला नव्हता. एकदा पडला आणि मग झोपू देईना.

सुकेशनी आमची एकुलती एक. रायपूरला बायोटेक्नॉलॉजी शिकली, पुण्याला बिअर बनवणाऱ्यांकडे नोकरीला लागली. तिने आमच्यापासून काही लपवलं नाही. झाकून ठेवलं ते आम्हीच. पुणे लांब होतं तोवर कुणी विचारलं की मी सांगायचो, "फूड कंपनीत आहे." मंदा म्हणायची, "क्वालिटी पाहते." तेवढ्यावर भागत होतं. मग ती परत आली, दोन मैत्रिणींना घेऊन रुआबांध्याच्या रस्त्याला जागा बघितली, आणि आमच्या फूड कंपनीवरचं झाकण उडालं. छत्तीसगडात दारूच्या दुकानाला भट्टीच म्हणतात. एका शेजाऱ्याने मला हसत हसत विचारलं, "काय भाऊ, बाप भट्टीवर होता, तुमी भट्टीवर, आता पोरगी बी भट्टीवर?" मी हसलो. घरी येऊन कुंडी फोडली. फुटली म्हणू या.

दुकान बघायचं नाही असं ठरवलं होतं. ठरवल्यावर आठवडाभर स्कूटर रोज त्याच रस्त्याने का जायची ते स्कूटरला ठाऊक. शेवटी एका दुपारी समोरच्या रसवंतीवर थांबलो. उसाचा रस घेतला आणि पलीकडे बघत राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर दारूचं दुकान म्हणजे लोखंडी जाळी, जाळीतून आत घुसलेले हात, बाहेर झिंगून बसलेला एखादा. इथे काच होती. काचेमागे उंच टाक्या. दाराशी मनीप्लांट. टाइल्सचं दुकान आणि जिम यांच्यामध्ये ते असं निरागस उभं होतं की मला आणखीनच राग आला.

तिने काचेतून पाहिलंच. बाहेर आली, कपाळाला घाम, पायात गमबूट.

"बाबा, रस पिऊन राहिले का इथी? इतनी धूप में उभे कावून? आत या ना."

"नाही. असाच चाललो होतो."

"असेच रोज जाता ना. दिसते मले." माझ्या हातातला ग्लास तिने रसवाल्याला दिला आणि बापाला लहान मुलासारखं मनगटाला धरून रस्ता पार करवला.

आत वास होता, पण मी ज्याला भीत होतो तो नव्हे. ओल्या धान्याचा, घुगऱ्या शिजत असल्यासारखा. आणि समोर स्टील. माझा जन्म स्टीलमध्ये गेला. स्टील मेल्टिंग शॉपमध्ये मी सॅम्पल घेणारा होतो. लांब दांड्याचा चमचा वितळलेल्या धातूत बुडवायचा, साच्यात ओतायचं, तुकडा लॅबला पाठवायचा. लॅबचा निकाल येण्याआधी आमचे उस्ताद नुसत्या ठिणग्या बघून सांगायचे, कार्बन किती उरला. त्यामुळे टाकीपुढे आल्यावर हात आपोआप पुढे गेला. वेल्डिंगवरून अंगठा फिरवला. कुठे खरखर नाही.

"कोणचं स्टील आहे हे?"

"थ्री-झीरो-फोर."

"चांगलं काम केलं," मी म्हणालो, आणि म्हटल्यावर स्वतःवरच चिडलो.

तिने एका टाकीची बारकी तोटी उघडून स्टीलच्या ग्लासात काहीतरी गरम, तपकिरी ओतलं. "घ्या. ही दारू नाही. अजून यीस्ट टाकलंच नाही यात. जव भिजवला, मोड आणले, भाजला, भरडला, गरम पाण्यात ठेवला. त्याचंच पाणी. वर्ट म्हणतात." मी आधी वास घेतला, मग एक घोट घेतला. गोड. गुळासारखा बोचरा गोड नाही; पोळीचा घास खूप वेळ चावला की शेवटी येतो तसा. आजारातून उठलेल्या माणसाला द्यावं असं काहीतरी. मी ग्लास रिकामा केला. आणखी दे, असं अगदी ओठावर आलं होतं.

मग तिने फळीवर चार छोटे ग्लास मांडले. "हे नका पिऊ. बस, सूंघके देखो. तुमचं नाक लय तेज आहे."

पहिली तांदळाची, इथल्याच दुबराज तांदळाची, पिवळसर, आरपार दिसणारी. वरून पेजेचा वास, आणि त्याच्या आड काहीतरी ओळखीचं. "बासी," मी म्हणालो.

ती टाळी वाजवून हसली. "मले वाटलंच होतं तुमी ओळखसान! तुमी उन्हाळाभर बासी खाता ना बाबा? तेही आंबतेच ना? फिर क्या फरक है?"

"बासीनं कोणाचं घर बुडालं नाही, सुकू."

तिचं हसू थांबलं. "ते मान्य आहे," ती म्हणाली. वाद घातला नाही. मला तेव्हा वाटलं, जिंकलो.

दुसरी गव्हाची, धुरकट, तिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास. दोन्हीपैकी काही घातलेलं नाही, यीस्टच तसा वास काढतं, असं तिने सांगितलं. तिसरी काळी, करपलेल्या जवाची. तिसऱ्या पाळीत पहाटे कँटीनमध्ये मिळायची त्या कॉफीची आठवण झाली. चौथी मोहाची. चौथा ग्लास नाकाजवळ नेला आणि नेताना मी श्वास धरला. या वयात! मग लाज वाटून सोडला. वास आत गेला. ग्लास मी हात लांब करून फळीवर ठेवला.

तेव्हाच तिने ते सांगितलं. उद्घाटनाला वंदना ठेवायची आहे आणि ती तुम्हीच घ्या.

"इथी? पंचशील?"

"मग कुठी? नव्या घरात गेलो तेव्हा घेतलीच ना तुमी. हे पण माझं घरच आहे."

"अन पाचवं?"

"पाचवं पण. पूरा म्हणा, एक भी मत छोडना."

"लोक हासतीन, सुकू."

"हसू द्या. मी दुसऱ्या कोणाले बोलावणार नाही, बाबा. तुमी घेतली तर वंदना, नाही तर सीधा शटर वर." हे ती हसत म्हणाली, पण हातातलं फडकं तिने इतकं पिळलं की त्यातून पाणी टपकायला लागलं.

झालं. माझा एप्रिल पेटला. बिअरच्या टाक्यांपुढे उभं राहून दारूपासून दूर राहण्याचं वचन लोकांकडून घ्यायचं, आणि लोकांनी ते घेऊन झाल्यावर ग्लास पुढे करायचे, यापेक्षा मोठा तमाशा कोणता? गेलो असतो तर विहारात कुठल्या तोंडाने उभा राहिलो असतो? आणि नाही गेलो तर आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी मुलगी बापाशिवाय उभी राहिली असती, आणि आमची सुकेशनी अशी गोष्ट बोलून दाखवणारी नाही, पण विसरणारीही नाही. माइक की मुलगी, इतकं ते सरळ होतं. सरळ गोष्टीच माणसाला जास्त छळतात.

मी पळवाटा शोधल्या. फक्त बुद्धपूजा घ्यावी, पंचशील गाळावं. चारच घ्यावीत, पाचव्याला खोकला आणावा. हो, खोकल्याचीही प्रॅक्टिस केली, न्हाणीघरात. मंदा बाहेरून म्हणाली, "काढा करून देऊ का?" तिचं स्वतःचं कधीच ठरलं होतं. "माह्या पोरीच्या दुकानात मी जाइनच. तुमी म्हणा नाही तर मुके राहा." बायकांचं हे बरं असतं असं म्हणणार होतो, पण तिला तरी कुठे बरं वाटत होतं? पोळ्या लाटता लाटता मध्येच थांबायची आणि लाटणं हातात धरून खिडकीबाहेर बघायची.

विहार समितीचे गजभिये काका आमच्या बाबांबरोबरचे. त्यांच्याकडे गेलो. ते वऱ्हांड्यात वाळ्याच्या ताटीआड बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाऊ नको असं मी नाही म्हणत. पोरगी तुही आहे. पण तिथी पाचवं म्हणशीन अन रविवारी इथी येऊन परत म्हणशीन, तं पोट्टे हासतीन बाप्पा. तुह्यावर नाही, शीलावर हासतीन. विचार करजो." त्यांना मी वाईट म्हणू शकलो नाही. मला वाटणारी भीतीच त्यांनी नीट शब्दांत मांडली होती.

त्यातच जयंती आली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. चौकाचौकात सरबताचे ड्रम, डीजेच्या दणक्याने खिडक्यांची तावदानं थरथरत होती, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, खांद्यावर पोरं. दरवर्षी या दिवशी माझी छाती भरून येते, त्याही दिवशी आली. सुरुवातीला मी माइकवर पंचशील घेतलं. पहिल्या रांगेत माझा साडू दिवाकर होता. सकाळीच घेऊन आलेला, चार हातांवरून वास येत होता. आणि पाचवं शील सगळ्यांत खणखणीत आवाजात तोच म्हणत होता. मला दरवर्षी हसू येतं. त्या दिवशी आलं नाही. वाटलं, माझ्यामागून हे लोक नेमकं काय म्हणतात? आणि मी तरी काय म्हणतो?

उद्घाटन सकाळी होतं. मी पांढरा सदरा घातला, गमछा घेतला, परत ठेवला, परत घेतला. पोहोचलो तेव्हा टाक्यांपुढे टेबलावर पांढरं कापड, बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मोगऱ्याची फुलं. फळी आणि ग्लास तिने लपवले नव्हते, तिथेच होते. आम्ही घरचे, तिच्या दोन मैत्रिणी आणि त्यांचे आईबाप, काम करणारी माणसं, दिवाकर आणि त्याची बायको. गजभिये काका आले नाहीत. मी मेणबत्ती लावली, हात जोडले आणि ठरवलं की पाचही म्हणायची. धाडस वगैरे नव्हतं. खोकला ऐन वेळी जमणार नाही अशी खात्री पटली होती.

सुकेशनी माझ्या डाव्या खांद्यामागे उभी होती. तिचा आवाज माझ्या आईवर गेला आहे, सपाट आणि मोठा. पहिलं झालं, दुसरं, तिसरं. स्टीलच्या टाक्यांमुळे आवाज घुमत होता. चौथं तिने इतकं स्वच्छ म्हटलं की मी क्षणभर थांबलो. मग मी पाचवं म्हणालो. मागून सगळे म्हणाले. दिवाकरचा आवाज तर छताला लागला. फक्त माझ्या डाव्या खांद्यामागे काहीच नव्हतं.

मी वळून पाहिलं नाही. पुढचं सगळं म्हटलं, साधु साधु साधु झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मंदाने खीर वाढली. मग फळ्या निघाल्या. दिवाकरने काळी घेतली, मिशीचा फेस पुसला आणि मला म्हणाला, "काहीही म्हणा साडूभाऊ, वंदना झाली म्हणून कसं पवित्र वाटते."

सुकेशनी मागच्या बाजूला ग्लास विसळत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"पाचव्याले गप्प कावून होती?"

"मी पिते ना, बाबा." नळ सुरूच होता. "रोज चाखते. कभी कभी पूरा ग्लास. मग ते तोंडानं कसं म्हणू? खोटं होते, चौथं तुटते."

"मग वंदना ठेवली कावून? अन पूरं म्हणा म्हणून मांगेच लागली होती."

तिने नळ बंद केला. "चार तर माझे आहेत ना? अन पाचवं मले ऐकायचं होतं. आता रोज याच कामात माझा हात राहणार. लोग आयेंगे, हसेंगे, पैसे देंगे, अच्छा लगेगा. कोणीतरी घरच्या माणसानं माझ्यासमोर उभं राहून सांगतलं पाहिजे ना, की ही चीज घर खाते? तुमी त्या दिवशी म्हणले होते, बासीनं घर बुडत नाही. ते डोक्यातून जातच नाही माझ्या. तुमच्यासारखं कोण म्हणणार होतं?"

मुलीचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता. आणि तिची इतकी काळजीही वाटली नव्हती. दोन्ही एकदम. सगळे मोठ्याने म्हणत असताना ती एकटी गप्प उभी होती, खऱ्यासाठी. मी पुढे उभा राहून ते म्हणून मोकळा झालो होतो, कारण मला ते म्हणायला काहीच मोजावं लागत नव्हतं. तिच्या त्या एकटेपणाने मला आतून ओरबाडलं. दुसरं कुठलंही कारण मी पुढे करणार नाही.

"दे," मी म्हणालो.

"काय?"

"ते. चारी."

"बाबा, नका ना. मी त्याच्यासाठी नाही म्हणलं."

"मले माहीत आहे. दे."

तिने ओले हात पुसले आणि फळी मांडली. मी उभ्यानेच एकेक घोट घेतला. तांदळाची थंड आणि पातळ, गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा राहिला. गव्हाची फेसाळ, तिने नाकात झिणझिण्या आल्या. काळी कडू, काढ्यासारखी. मोहाची ओठाला गोड लागली आणि घशात उतरताना बदलली. तो बदल मला अजून आठवतो. डोकं हललं नाही, आभाळ कोसळलं नाही. आवडली का म्हणाल, तर खरं सांगतो, वर्ट बरं होतं. पण चार घोट घशाखाली गेले होते, आणि आपल्या घरी कोणी पीत नाही हे वाक्य यापुढे मला म्हणता येणार नव्हतं. आईची आठवण आली आणि डोळे भरले. सुकेशनीने ग्लास घेतले, विसळले आणि पालथे ठेवले. मंदा दारात उभी होती. कधीपासून, मला माहीत नाही. घरी जाताना स्कूटरवर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, एरवी ती मागची दांडी धरते.

आता वर्ष झालं. दुकान चालतं, शनिवारी बसायला जागा मिळत नाही. मी कधी दुपारी जातो, टाक्यांच्या वेल्डिंगवर हात फिरवतो, वर्ट असलं तर ग्लासभर पितो, बिअरला परत हात लावला नाही. तुम्ही पुन्हा शील घेऊ शकता, असं मला दोघातिघांनी समजावलं आहे. मोडलं की पुन्हा घ्यायचं, म्हणूनच तर ते रोज म्हणायचं असतं. पटतं मला. तरी एप्रिल लागला की उठतो, बसतो, पुन्हा उठतो. पुन्हा घ्यायला हरकत नाही. पण आता ते मला ऐकल्याशिवाय घेता येणार नाही, आणि ऐकायला अजून शिकतो आहे.

त्या उद्घाटनानंतरच्या रविवारी मी विहारात नेहमीच्या वेळेला गेलो. माइक तयार होता. गजभिये काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी नाही म्हणून मान हलवली. शाळेत शिकवणारी वस्तीतली कविता पुढच्या रांगेत होती, तिला म्हणालो, "आज तू घे." ती उठून माइककडे गेली, लोकांनी माना वळवून पाहिलं. मी चपला काढलेल्या बाजूला, अगदी मागे, सतरंजीच्या शेवटच्या पट्टीवर जाऊन बसलो. तिथे मी आयुष्यात पहिल्यांदा बसत होतो.

कविताने सुरुवात केली. चार शीलं मी तिच्यामागून म्हणालो. पाचवं आलं तेव्हा तोंड मिटून घेतलं आणि मान खाली घातली. वाटलं, आता माझ्याजवळच्यांना कळणार. पुढून दिवाकरचा आवाज आला, बायकांच्या बाजूने मंदाचा आला, भोंग्यातून सगळं भरभरून ऐकू येत होतं, नेहमी माझ्या कानावर यायचं तसंच. पण माझ्या आजूबाजूला आवाज कमी झाला होता. मी मान वर करून पाहिलं. डावीकडे क्रेन चालवणारे बोरकर हात जोडून गप्प होते. त्यांच्या पलीकडचा रेल्वेतला पोरगा जमिनीकडे बघत होता. उजवीकडे कुणाचे नुसते ओठ हलत होते. अख्खी मागची रांग तेवढ्या एका ओळीपुरती शांत होती, आणि इतकी वर्षं मी माइकवरून त्यांच्याकडून ते म्हणवून घेत होतो.

बोरकरांनी माझ्याकडे पाहिलं. थोडे बाजूला सरकले आणि मला पाठ टेकायला भिंत दिली.